लेकीसाठीं बंदूक

मुलीला सासरीं जातांना काय द्यावें, या विषयावर आपल्या कुटुंबांतून जितकी चर्चा होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची होत असेल. भांडीं, दागिने, पुस्तकें, हल्लीं गणकयंत्र. या यादींत बंदुकीचें नांव कोणी घातल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. माझ्या मुलीनें तें घातलें, आणि तेंहि लग्नाच्या गडबडींत नव्हे, लग्नानंतर चार वर्षांनीं, पूर्ण विचाराअंतीं.

तिचें सासर अमेरिकेंतील साउथ डाकोटा राज्याच्या पूर्व भागांत, शेतकरी कुटुंबांत. मका आणि सोयाबीन यांचीं अफाट शेतें, मधून मधून पाणथळ जागा, बांधालगत पुरुषभर उंच गवत. आणि या गवतांत फेझंट नांवाचा पक्षी. हा आपल्या मोराच्या आणि तित्तिराच्या कुळांतला. नर तांबूस सोनेरी अंगाचा, गर्द हिरव्या मानेचा, गळ्याला पांढरें कडें आणि शेपूट चांगली हातभर. मूळचा हा तेथला नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत चीनहून आणलेले पक्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रुजले आणि तेथून आंत पसरले. साउथ डाकोटानें १९१९ सालीं त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम उघडला आणि १९४३ सालीं त्यालाच राज्यपक्षी ठरविलें! परदेशीं चाळीस वर्षें काढलेल्या माझ्यासारख्याला या पक्ष्याविषयीं थोडा बंधुभाव वाटतो, तो वाचकांनीं क्षम्य मानावा.

ऑक्टोबरांतील तिसऱ्या शनिवारीं हंगाम उघडतो. त्या दिवशीं माझे व्याही, त्यांचे बंधु, भाचे, सुना असा सगळा गोतावळा एका ओळींत गवत तुडवीत निघतो. कांहीं जण शेताच्या दुसऱ्या टोकाला उभे राहतात. कुत्रे पुढें असतात. फक्त नर मारावयाचा, आणि तोहि दिवसाला माणशीं तीनच, असा कायदा आहे. माझी मुलगी तीन वर्षें रिकाम्या हातांनीं या ओळींतून चालली. चौथ्या वर्षीं तिचा फोन आला. “बाबा, रात्रीं पानावर मीहि बसतें. मग मारण्याचें काम तेवढें दुसऱ्यांवर टाकून मी सोंवळी कशी?”

मी स्वतः मांसाशन करीत नाहीं. या प्रश्नाला मजजवळ तयार उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. पुण्यास असलेल्या माझ्या मातोश्रींना मीं ही हकीकत कळविली तेव्हां त्या प्रथम गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “आदिकवीच्या डोळ्यांना क्रौंचाचा वध पाहून पाणी आलें, आणि तुझ्या पोरीला बंदूक हवी!” मीं चालुक्यराजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’चा दाखला काढला, त्या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मृगयेला राजाच्या विनोदांत स्थान आहे. आईनें विचारलें, “तूं कोठला राजा?” तेथें तो वाद संपला. सलीम अलींची गोष्ट मात्र तिनें शांतपणें ऐकून घेतली. १९०८ च्या सुमारास एका लहान मुलानें छऱ्याच्या खेळांतील बंदुकीनें एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून तो ती घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला, आणि त्या दारांतून आपल्या देशाचा श्रेष्ठ पक्षिशास्त्रज्ञ बाहेर पडला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच उरला नाहीं, आणि तें योग्यच झालें असें माझें मत आहे. पण माझी मुलगी जेथें नांदते तेथील रान वेगळें, कायदा वेगळा.

परवानगी तिनें मागितलीच नव्हती. माझें आयुष्य यंत्रांत गेलें म्हणून तिनें मला फक्त निवड करावयास सांगितलें. अडचणी दोन होत्या. लहानपणीं सायकलवरून पडून तिचें डावें गळ्याचें हाड मोडलें होतें, आणि ती डावखुरी असल्यामुळें दस्ता टेकणार तो त्याच खांद्यावर.

व्याह्यांचा कल दुनळीकडे होता. मी वळलों तो अर्धस्वयंचलित बंदुकीकडे. या नांवानें दचकण्याचें कारण नाहीं. चाप एकदां ओढला कीं एकच बार होतो. मात्र रिकामें काडतूस फेंकून देऊन नवें आंत घेण्याचें काम बंदूक स्वतःच्याच जोरावर करते. ही युक्ति पक्ष्यांच्या बंदुकींत प्रथम यशस्वी केली ती जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिरानें. नेहमींच्या कारखानदारानें त्याला प्रत्येक नगामागें मोबदला देण्याचें नाकारलें. दुसऱ्या कारखान्याच्या कचेरींत तो वाट पाहत बसला असतां आंतील मुख्य चालक हृदयविकारानें वारले. शेवटीं १९०२ सालीं तो आपला नमुना घेऊन बेल्जियमला गेला. त्या जातीची एक जुनी बंदूक व्याह्यांच्या आजोबांची म्हणून घरांत आहे. तिची अख्खी नळीच बाराबरोबर मागें सरकते. मुलीनें ती एकदां उडविली आणि खांदा चोळीत परत ठेवली.

हल्लींच्या बंदुकींत मुख्य प्रकार दोन. एकींत नळीला खालच्या अंगास बारीक छिद्रें असतात. बार उडाला कीं तप्त वायूचा थोडासा अंश तेथून दट्ट्यावर येतो आणि दट्ट्या बोल्टाला मागें ढकलतो. दुसरींत वायूचा कांहीं संबंध नाहीं. बंदूक धक्क्यानें मागें येते, बोल्टाचें जड अंग मात्र जागच्या जागीं राहूं पाहतें. मधली राठ स्प्रिंग दाबली जाते आणि उसळून पुढचें काम करते. एस. टी. एकाएकीं सुटली म्हणजे उभ्या उतारूचें जें होतें तेंच येथें बोल्टाचें होतें. ही दुसरी जात हलकी असते आणि काजळी कमी धरते. दिवसभर चालणाऱ्या शिकाऱ्याला ती प्रिय, हें मीं ओळखलें. परंतु तिचा धक्का तीव्र. वायूवर चालणारी बंदूक धक्का नाहींसा करीत नाहीं. न्यूटनच्या नियमापुढें कोणाचें चालणार? ती तोच धक्का किंचित् अधिक वेळांत वांटून देते, आणि मोडून जुळलेल्या हाडाला तेवढा फरक फार असतो. तिला वरचेवर पुसावें लागतें, हा तिचा दोष. तो मीं पत्करला.

बाराच्या ऐवजीं वीस बोअर घ्यावी असें ठरलें. हा आंकडा उलटा चालतो. नळीच्या व्यासाच्या शिशाच्या गोळ्या एका पौंडांत जितक्या बसतात तितका बोअर. म्हणून वीसची नळी बारापेक्षां अरुंद. काडतूस हलकें, छरे कमी. तेव्हां लांबचा पक्षी सोडून द्यावयाचा.

खरा वेळ गेला तो दस्त्यावर. शिंपी अंगरखा बेततो तशी बंदूकहि अंगाला बेतावी लागते. दुकानांतील वृद्ध गृहस्थांनीं मुलीला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावयास सांगितली आणि मग डोळे उघडावयास. नळीची पाठ नजरेला सरळ दिसली तर दस्ता जुळला. तिला दिसली ती नळी नव्हे, बोल्टाची पाठ! दस्ता इंचभर लांब होता. आंखूड दस्त्याची, डाव्या हाताची बंदूक मागवावी लागली. कारण नेहमींची बंदूक रिकामें काडतूस उजवीकडे फेंकते, तें डावखुऱ्याच्या तोंडासमोरून जातें, आणि सुरक्षेचा खटकाहि उजव्या बोटासाठीं बसविलेला असतो. दोन महिने थांबलों. व्याह्यांना हा चोखंदळपणा वाटला. परंतु जी बंदूक अंगाला जुळत नाहीं तिचे छरे पक्ष्याच्या मागें पडतात. पक्षी मरत नाहीं, पाय किंवा पंख गमावून गवतांत शिरतो आणि रात्रीं कोल्ह्याच्या तोंडीं जातो. मारावयाचेंच असेल तर तें एका क्षणांत व्हावें, एवढेंच शाकाहारी बापाचें मागणें होतें.

व्याह्यांचा एक आक्षेप मात्र मला निरुत्तर करून गेला. दुनळी मोडून हातावर घेतली कीं ती रिकामी आहे हें शंभर पावलांवरून दिसतें. अर्धस्वयंचलित बंदुकीचें पोट कोणाला दिसत नाहीं. ओळींत लहान मुलें चालतात. तेव्हां तिनें कुंपण ओलांडतांना, गाडींत बसतांना, गप्पा मारतांना बोल्ट मागें ओढून उघडा ठेवावा आणि शेजाऱ्याला दाखवावा, असा करार सासरे-सुनेंत झाला.

दुसरा करार तिनें स्वतःशींच केला. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठीं तेथील मध्यवर्ती कायद्यानें १९३५ पासून बंदुकींत तीनच काडतुसांची मर्यादा घातलेली आहे; ही दोनच घालते. तिसरा बार बहुधा दूर गेलेल्या पक्ष्यावर पडतो, आणि जखमी पक्षी त्यांतूनच निघतात, असें तिचें निरीक्षण. बदकांसाठीं १९९१ पासून शिशाचे छरे देशभर बंद आहेत, कारण तळ्याच्या तळाशीं पडलेलें शिसें बदकें खड्यांबरोबर गिळतात आणि विषानें मरतात. फेझंटला ती सक्ति सर्वत्र नाहीं; तरी सासरच्या शेतांत पाणथळ फार, म्हणून ही पोलादाचेच छरे वापरते. पोलाद शिशाहून हलकें, म्हणून छरे मोठे घ्यावे लागतात आणि पल्ला आणखी घटतो. तिच्या दिरांच्या थट्टेला त्यामुळें खाद्य मिळतें.

पहिल्या हंगामांत तिनें एक नर पाडला. तिनें फोनवर आजीला तें स्वतः सांगितलें. आजीनें किती, कसा, कोणी शिजविला, कांहीं विचारलें नाहीं, “जखमी होऊन कोणी निसटला का?” एवढेंच विचारलें. “नाहीं” म्हटल्यावर थोड्या वेळानें म्हणाली, “हत्यार घरांत आलेंच आहे, तर खंडेनवमी चुकवूं नकोस.”

त्याप्रमाणें आतां दरवर्षीं, हंगाम उघडण्याच्या सुमारास, डाकोटांतील त्या घरीं पाटावर कोयता, व्याह्यांचे पाने, माझी जुनी मोजपट्टी आणि ती बंदूक मांडली जाते. काडतुसें निराळ्या खोलींत, कुलुपांत. गेल्या वर्षीं मी होतों. नातवानें भक्तिभावानें झेंडूच्या पाकळ्या उघड्या बोल्टाच्या खांचेंत भरल्या, आणि दट्ट्यापर्यंत गेलेल्या त्या पाकळ्या चिमट्यानें काढण्यांत माझी नवमीची दुपार गेली. फूल दस्त्यावर ठेवावें, असें मीं त्याला दाखवून दिलें आहे.