सुतार मुंगी आणि नगरचा मे महिना

राहुरी,
मृगाचा पहिला आठवडा

चि. बाळूस,


सुतार मुंग्या म्हणजे कॅम्पोनोटस या वंशातल्या मुंग्या. ऑस्ट्रियाचा कीटकशास्त्रज्ञ गुस्ताव्ह मायर याने १८६१ साली हा वंश वेगळा काढला, आणि आज त्यात हजाराहून अधिक जातींची नोंद आहे. युरोप-अमेरिकेतल्या काही जाती ओल लागून मऊ पडलेल्या लाकडात दालने कोरतात, म्हणून सगळ्या वंशाला सुतार हे नाव चिकटले. लाकूड त्या खात नाहीत, भुसा करून बाहेर टाकतात. लाकूड पचवणारी ती वाळवी. (फोनवर ‘खायला फळीचे तुकडे घालू का’ असा प्रश्न आला होता, त्याचे उत्तर यात आले. तो प्रश्न युरोपातून मुंग्यांची पेटी मागवून आगाऊ पैसे भरण्याआधी पडायला हवा होता.)

अहिल्यानगर जिल्ह्यात या वंशाची वाण नाही. बाभळीच्या बुंध्याशी, उसाच्या बांधावर, ओट्याच्या फटीत दिसणारा काळा डोंगळा हा कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. फॅब्रिशियसने १७८७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तो सुतारकाम करत नाही, झाडाच्या मुळाशी जमिनीत वारूळ करतो. एकाच वारुळात बारीक अंगाचे कामकरी असतात आणि मोठ्या डोक्याचे, दणकट जबड्याचे थोराडही असतात. नांगी कोणालाच नसते. चावा घेऊन त्या जागी पोटातले फॉर्मिक आम्ल सोडायचे, ही त्यांची रीत, म्हणून चावलेली जागा चुरचुरते. आजोळच्या ओसरीवर अर्ध्या चड्डीत वारुळावर बसलेल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. 

वसाहत एका राणीपासून सुरू होते. पंख असलेल्या माद्या आणि नर वारुळातून उडतात, मीलन होते, नर मरतात. मादी जमिनीवर उतरून स्वतःचे पंख गाळते आणि एखाद्या बिळात स्वतःला कोंडून घेते. पुढचे आठवडे ती काही खात नाही. उडण्यासाठी कमावलेले स्नायू आता लागणार नसतात. ते शरीरातच विरघळतात, आणि त्या साठ्यावर ती स्वतः जगते व पहिल्या अळ्यांना भरवते. अळ्या कोष विणतात आणि त्यांतून पहिले कामकरी निघतात ते खुजे, घाबरट. ते बाहेर जाऊन अन्न आणू लागले की राणीचे काम अंडी घालण्यापुरते उरते. या काळात राणीच्या नळीवर सारखा उजेड पाडणे, नळी हलवणे, मित्रांना दाखवणे यांनी ती बिथरते आणि स्वतःची अंडी खाते. पाळणाऱ्यांच्या राण्या मरतात त्या बहुतेक उपासाने नव्हे, अशा कौतुकाने.

आता विचारलेला प्रश्न. तो एवढाच होता: युरोपातल्या सुतार मुंगीची पेटी नगरला किती अंशांवर ठेवावी?

आधी उष्णतेची बाजू. सुतार मुंग्यांच्या पोटात ब्लॉकमनिया नावाचे जिवाणू राहतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फ्रीडरिश ब्लॉकमन याला ते १८८० च्या दशकात दिसले, त्याच्यावरूनच पुढे त्यांचे नाव पडले. ते मुंगीच्या खास पेशींमध्ये असतात, राणीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातात, आणि युरियासारख्या टाकाऊ नत्रापासून मुंगीला लागणारी अमिनो आम्ले बनवून देतात. गोड चिकट रसावर जगणाऱ्या किड्याला प्रथिनांची उणीव पडू नये, ती सोय ही. हे जिवाणू मुंगीबाहेर जगत नाहीत आणि उष्णतेपुढे टिकत नाहीत. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुतार मुंग्यांच्या कामकऱ्यांना चार आठवडे सुमारे ३८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवले, तेव्हा त्यांच्यातले ९९ टक्क्यांहून अधिक ब्लॉकमनिया नाहीसे झाले. मुंगी चालते-फिरते, आणि आतली शिदोरी संपलेली असते.

एप्रिल-मेमध्ये नगरच्या सावेडीतल्या वरच्या मजल्याच्या, पश्चिमेला खिडकी असलेल्या खोलीत काय तापमान होते, ते त्या खोलीत राहणाऱ्यानेच सांगावे. डोंगळा याच उन्हात जगतो, कारण त्याच्या वारुळाला खोली असते; उन्हाळ्यात तो दिवसा आत राहतो आणि रात्री बाहेर पडतो. ॲक्रिलिकच्या वीतभर पेटीला खाली जायला जागा नसते.

याहून अवघड गोष्ट थंडीची आहे. युरोपात नवशिक्यांसाठी म्हणून जी कॅम्पोनोटस लिग्निपर्डा विकली जाते, तिला वर्षातले चार-पाच महिने गारठा लागतो. उन्हाळ्यात २१ ते २६ अंश आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ५ ते ८ अंश, हे तिचे वर्ष. त्या काळात अळ्याही वाढ थांबवून निजून राहतात. हा मुक्काम चुकवला तर वसाहत लगेच मरत नाही; राणी पुढच्या हंगामात नीट अंडी घालत नाही, अळ्या अडकून पडतात, आणि दोन-तीन वर्षांत सगळे हळूहळू आटते. नगरची थंडी रात्रीपुरती असते, दुपारी ऊन तापतेच. म्हणजे राहता राहिला फ्रीज. ताईच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी चार महिने मुंग्यांची पेटी, आणि त्यात भारनियमन! तापमानाचे उत्तर हे असे आहे: आकडा सांगता येतो, वर्ष आणता येत नाही. परदेशी किडा पाळायला निघालेला प्रत्येक जण आकडाच विचारतो. किड्याच्या अंगात ऋतू असतो, आणि तो पार्सलमधून येत नाही.

उपकरणांबद्दल थोडक्यात. एकट्या राणीसाठी काचेची परीक्षानळी पुरते: तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, तोंडाला दुसरा बोळा, वरून काळा कागद. वसाहत वाढली की प्लास्टर ऑफ पॅरिसचे किंवा ॲक्रिलिकचे घर आणि त्याला जोडलेले मोकळे अंगण. अंगणाच्या काठाला स्पिरिटमध्ये कालवलेली टाल्कम पावडर लावतात. वाळल्यावर मुंगीचे पाय त्यावर ठरत नाहीत. पावसाळ्याच्या दमट हवेत हा थर टिकत नाही, हे विकणारे सांगत नाहीत. खाद्य म्हणून साखरेचे पाणी किंवा मध, आणि प्रथिनांसाठी मारलेली झुरळे-नाकतोडे, पण ज्यांवर फवारणी झालेली नाही असेच. शहरातले झुरळ बहुधा विष खाऊनच हाताला लागते. बहुतेक मुंग्यांच्या छातीला बुरशीविरोधी स्राव सोडणारी ग्रंथी असते, ती या वंशातल्या बहुसंख्य जातींना नाही. तेव्हा उष्टे रोज काढावे लागते.

आणि हे सारे किती वर्षे? इंग्लंडमध्ये जॉन लबक याने काचेच्या दोन तावदानांमध्ये मुंग्या पाळल्या, त्यांतली एक राणी १८७४ पासून १८८८ पर्यंत जगली. बागेत आढळणाऱ्या लेसियस नायगर या साध्या मुंगीची राणी प्रयोगशाळेत पावणेएकोणतीस वर्षे जगल्याची नोंद आहे. सुतार मुंगीची राणीही दहा वर्षे सहज काढते. पाळणाऱ्याची बारावी, होस्टेल, नोकरी, लग्न हे सगळे त्या पेटीच्या आयुष्यात येते, आणि पेटी शेवटी आईच्या गळ्यात पडते. माशांच्या टाकीचे काय झाले, ते घरात सगळ्यांना आठवते.

कायद्याची बाजू अगदी सरळ आहे. १९१४ च्या विनाशक कीटक व पीड कायद्याखाली केंद्र सरकारने २००३ साली वनस्पती संगरोध आदेश काढला. त्यानुसार जिवंत कीटक देशात आणायला आधी परवाना लागतो. हौसेखातर मागवलेल्या पार्सलला तो नसतो. वर ‘खेळणी’ किंवा ‘काचेचे साहित्य’ असे लिहिलेले असते. हा पोरखेळ समजू नये. एप्रिल २०२५ मध्ये केनियात बेल्जियमची एकोणीस वर्षांची दोन मुले सुमारे ५,००० मुंग्यांसह पकडली गेली. मुंग्या कापूस घातलेल्या नळ्यांत भरलेल्या होत्या. ७ मे रोजी त्यांना प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा बारा महिने कैद अशी शिक्षा झाली. आपण फक्त छंद जोपासत होतो, असेच ती मुलेही म्हणत होती. वय एकोणीस, हे वाचल्यावर रात्री नीट झोप लागली नाही.

दंडाहून मोठी भीती शेताची. सुतार मुंग्या जगभर उपद्रव करणाऱ्या मुंग्यांच्या पहिल्या ओळीत नाहीत, हे मान्य करायला हवे. त्या ओळीत लाल अग्निमुंगी आणि अर्जेंटिनी मुंगी आहेत. पण पेटीत मुंगी एकटी येत नाही. तिच्यासोबत गोचिडासारखे बारीक कोळीवर्गीय किडे येतात, बुरशी येते, ओल धरलेली माती येते. १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखशास्त्रज्ञाने मॉरिशसहून दोन मोठ्या आफ्रिकन गोगलगायी कोलकात्याला आणल्या आणि चौरंगीतल्या मित्राच्या बागेत सोडल्या. देशभर पिकांचे नुकसान करणारी ती गोगलगाय अशी हौसेने आली. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला सापडला आणि २०१० पर्यंत पुण्याला पोहोचला. मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करतात, मोबदल्यात त्याचा गोड स्राव पितात, मित्रकीटकांना जवळ फिरकू देत नाहीत. राहाता-संगमनेरच्या डाळिंबवाल्यांना, सीताफळवाल्यांना हे नाते चांगले ठाऊक आहे. तिथे नवी राखणदार पोचवण्याचे कारण नाही.

गंमत अशी की युरोपातल्या हौशी लोकांत जिला मोठी मागणी आहे, ती कॅम्पोनोटस निकोबारेन्सिस आपल्याकडची आहे. ऑस्ट्रियाच्या नोव्हारा या जहाजाच्या जगप्रवासातील संग्रहावरून मायरनेच १८६५ साली तिचे वर्णन केले, आणि तिचे नाव निकोबारचे आहे. तिला थंडीची निजानीज लागत नाही, म्हणून तिकडे ती सोयीची. तिकडचा पोरगा उष्ण कटिबंधातली मुंगी मागवतो आणि सावेडीतला हिमप्रदेशातली. दोघांच्याही अंगणातली मुंगी कोणी पाहत नाही.

डोंगळ्याकडे पाहिले तर काय दिसते? बाभळीच्या कोवळ्या फांदीवर काट्यांसारखे दिसणारे तुडतुडे ओळीने बसलेले असतात आणि डोंगळा त्यांना मिशांनी थोपटून रस काढतो. रुईच्या पिवळ्या माव्यावर, एरंडाच्या पानाच्या देठाशी असलेल्या मधुग्रंथींवर त्याचीच ये-जा असते. बोरीवर तर याहून नवल. बोरीची पाने खाणाऱ्या, तरुकस वंशातल्या छोट्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या गोड थेंब सोडतात. डोंगळे त्यांची राखण करतात, आणि अळी कोषाला आली की तिला खोडावरून खाली, बुंध्याशी केलेल्या आडोशात आणून सोडतात. लिओनेल द निसेव्हिल याच्या एकोणिसाव्या शतकातल्या फुलपाखरांवरील ग्रंथात याची नोंद आहे. मुंबई इलाख्यातला वनाधिकारी रॉबर्ट रॉटन याने १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर दीर्घ लेख लिहिला आणि नमुने स्वित्झर्लंडच्या ऑगस्त फोरेलकडे धाडले. भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जाती नोंदल्या आहेत. एकट्या नगर जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीचा मुसळधार पाऊस आहे आणि कर्जत-जामखेडचे कोरडे माळही आहेत; दोन्हीकडच्या मुंग्या एक असणे शक्य नाही. त्यांची तालुकावार यादी करायला आवर्धक भिंग, वही आणि सकाळी उठण्याची सवय एवढेच लागते. तिसरी वस्तू दुर्मिळ आहे.

पाळायचेच असेल तर हेच दिवस योग्य. वळवाच्या आणि मृगाच्या सरींनंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे येतात. त्यांतली वाळवी आधी वगळावी: तिचे चारही पंख सारखे, कंबर जाड, मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या. पंख गाळून जमिनीवर एकटीच फिरणारी, जवळपास दीड सेंटिमीटरची जाडजूड काळी मादी दिसली तर ती राणी. पंख असलेली पकडू नये. तिचे मीलन झालेले असेलच असे नाही. वारूळ मुळीच खणू नये, राणी खोल असते आणि हाती फक्त चावे लागतात. अशा राण्यांपैकी बहुतेक पाली, बेडूक, पक्षी खातातच, त्यामुळे एक उचलल्याने वारुळांचे काही बिघडत नाही. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यातून मात्र मुंगीसुद्धा परवानगीशिवाय उचलता येत नाही. छंद आटोपला तर ही वसाहत जिथली राणी तिथेच, त्याच बाभळीखाली सोडता येते. परदेशी वसाहतीला ही सोय नाही.

राहिले ते पार्सल. मागणी आजच लेखी रद्द करावी. तरीही ते आलेच तर खोके उघडू नये आणि मुंबईच्या वनस्पती संगरोध केंद्राला कळवावे. चुकून उघडले गेले तर मुंग्या गच्चीवर, बागेत, नाल्यात कुठेही सोडू नयेत. पेटी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवावी, आणि एक रात्र नव्हे तर आठवडाभर, कारण थंड मुलखातली मुंगी थोड्या गारठ्याने मरत नाही. खोक्यातली माती आणि कापूस जाळून टाकावा. पैसे बुडाले तर त्याचे आपण दोघे बघू, ताईला इतक्यात काही सांगू नकोस. पण मागणी रद्द झाल्याचे आज संध्याकाळपर्यंत फोन करून कळव.

तुझा,
मामा