मुंग्या आल्या की सांगा

आपल्या मराठीत हातापायांना मुंग्या येतात. तेलुगूत तिम्मिरि येते, आणि तिचा कुठल्याही किड्याशी संबंध नसतो. वर्गात लक्षणा शिकवताना मी ही मुंगी हटकून फळ्यावर सोडतो. मुले हसतात. पण असल्या एका शब्दावर एखाद्याच्या हाताची शस्त्रक्रिया अडू शकते, हे मला आमच्या शेजारच्या अण्णांमुळे कळले.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले, पिढीजात विणकर. मी एम. ए. करीत होतो त्या वर्षी त्यांचा उजवा हात यंत्रमागात सापडला. पूर्ण भूल न देता हात तेवढा बधिर करायचे ठरले. मानेतून निघालेली मज्जातंतूंची जुडी गळ्याजवळच्या हाडामागून हाताकडे उतरते. तिच्या शेजारी औषध सोडले की हात झोपतो. पण जुडी दिसत नाही. लगतच मोठी रोहिणी, खाली फुप्फुसाचे टोक. अशा अडचणीच्या जागी डॉक्टर बोटांनी चाचपून सुई घालीत आणि रोग्यालाच वाट विचारीत. सुई तंतूला टेकली की हातभर झिणझिणी उतरते. ‘आली’ असे रोग्याने सांगितले की औषध सोडायचे. १९११ साली जर्मनीतल्या कुलेनकांफ नावाच्या शल्यवैद्याने ही वाट स्वतःच्याच अंगावर तपासून पाहिली होती. त्याला निदान दुभाष्या तरी लागला नाही!

अण्णांचे मराठी बाजारापुरते. म्हणून गल्लीत खेळता खेळता तेलुगू शिकलेल्या मला आत उभे केले. ‘मुंग्या आल्या की सांगा,’ डॉक्टर म्हणाले. मी त्याची तिम्मिरि केली. पहिल्याच टोचणीला अण्णा ओरडले, ‘वच्चिंदि, वच्चिंदि!’ आली म्हणे. आली कसली? एवढा मोठा माणूस इतक्या आस्थेने विचारतो आहे, त्याला नाही कसे म्हणावे, एवढाच त्यांचा विचार. औषध भलतीकडे गेले, हात जागाच राहिला आणि शेवटी पूर्ण भूल द्यावी लागली. हात वाचला, दोन बोटे मात्र आजही वळत नाहीत.

पुढे सुईतून बारीकशी वीज सोडण्याची पद्धत रूढ झाली. सुई तंतूजवळ गेली की बोटे आपोआप उडतात. वीज एक मिलिअँपिअरवरून अर्ध्यावर आणली तरी उडतच राहिली, तर सुई अगदी जवळ आली असे समजायचे. म्हणजे रोग्याऐवजी त्याचा हातच उत्तर देतो, आणि हाताला भीडभाड नसते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढताना मी स्टुलावरून पडलो. उजव्या हाताची दोन्ही हाडे मोडली. खडू धरणारा, पेपर तपासणारा हात! भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. त्यांच्याकडे तिसरी पद्धत होती, सोनोग्राफीची. भिंतीवर पाटी: ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.’ पंचेचाळिशीतल्या मास्तराला हे आश्वासन कशाला, असे मी विचारले. बाई हसल्या. १९९४च्या कायद्याने असले प्रत्येक यंत्र नोंदवावे लागते. मग ते गर्भ पाहो की मज्जातंतू. महाराष्ट्राने तर असा कायदा १९८८ सालीच केला होता. डॉक्टरांना त्याची कटकट होत असेल. पण मुलींच्या जिवावरची ती राखण आहे, ती सोसलीच पाहिजे.

पडद्यावर रोहिणी धडधडत होती आणि तिला बिलगून काळसर गोल दाण्यांचा झुबका. थेट नान्नजच्या बागेतला द्राक्षांचा घड! हे माझे मज्जातंतू. सुई येताना दिसली, औषध पसरताना दिसले.

‘मग ही पद्धत सगळ्यांत चांगली?’ मी विचारले.

‘बऱ्याच बाबतींत, सर. कमी वेळा टोचावे लागते, रक्तवाहिनीत सुई जाण्याची भीती घटते, औषध थोडे पुरते. तंतूला मागाहून इजा होणे मुळातच विरळा. ते या चित्रामुळे आणखी कमी झाले, असे मात्र अजून सिद्ध झालेले नाही.’ आणि सुई आत असतानाच त्यांनी विचारले, ‘कळ येते आहे का? आली तर लगेच सांगा.’

अण्णांच्या वेळी ‘आली’ म्हणजे औषध सोडा. आता ‘आली’ म्हणजे थांबा. मी अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणालो.

थोड्या वेळाने औषधाने पुसण्यासाठी माझा हात कुणीतरी उंच धरला. तो मला समोर दिसत होता. तरी मला मात्र तो पोटावर दुमडून ठेवलेलाच वाटत होता. रात्री दोनच्या सुमारास अंगठ्याला मुंग्या आल्या. पाठोपाठ ठणका आला, आणि उशाशी काढून ठेवलेली गोळी हिने न बोलता हातावर ठेवली, डाव्या.