वस्तीची जीप पुन्हा रस्त्यावर

उत्तर नागपुरात, इंदोऱ्याच्या बाजूला ज्यांचे येणे-जाणे आहे, त्यांनी आमच्या मामाजींची जीप कधी ना कधी पाहिली असेल. हिरवा रंग, ताडपत्रीचा टप आणि मागे समोरासमोर दोन बाकडी. ही १९८९ सालची महिंद्रा एमएम ५४०. मामाजी एका सरकारी खात्यात वाहनचालक होते. जी जीप त्यांनी बारा वर्षे साहेबांसाठी चालविली, तीच खात्याने २००२ साली लिलावात काढली. मामींनी हातच्या पाटल्या मोडून दिल्या आणि मामाजींनी बोली लावली. जीप घरी आली.

त्यानंतर ती एकट्या मामाजींची राहिली नाही. रात्री-अपरात्री बाळंतिणीला मेयोत नेणे, लग्नाचा बस्ता आणणे, अशोक विजयादशमीला खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्या मंडळींना दीक्षाभूमीवर पोचविणे, ही सारी कामे जीपने केली. २०२० च्या टाळेबंदीत जबलपूर रोडने पायी निघालेल्या मजुरांपर्यंत वस्तीने गोळा केलेला शिधा आणि पाणी याच जीपने नेले. २०२१ च्या अखेरीस मामाजींना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. जीप घरामागे ताडपत्रीखाली उभी राहिली, ती तशीच राहिली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दारावर भंगारवाला आला. २८ रुपये किलोने ३५,००० रुपये देतो म्हणाला. घरात सगळ्यांना ते पटले. मामाजी काही बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मामी आमच्याकडे आल्या. "बाबू, तुमीच समजवा यायले. नाई तं गाडीले तरी समजवा," असे म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण डोळे कोरडे नव्हते.

आम्ही बीकॉम झालेले कारकून. आमचा हात खातेवहीवर चालणारा, पान्यावर नाही. तरी आम्ही म्हटले, "मामाजी, विकायची असेल तर उद्याही विकता येईल. आधी उघडून तर पाहू." त्यांनी डाव्या हाताने किल्ली पुढे केली. येथून आमच्या चौदा महिन्यांच्या प्रवासाला सुरुवात झाली.

वाचकांना या गाडीचे कूळ सांगितले पाहिजे. जीप ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकन सैन्यासाठी १९४१ पासून विलिस-ओव्हरलँड कंपनीने बांधलेली. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला सुटे भाग आणून ती जोडायला सुरुवात केली. पुढे पोलीस, जंगलखाते, पाटबंधारे, आरोग्यखाते, सगळीकडे हीच गाडी दिसू लागली. आमच्या मॉडेलला प्यूजोच्या बनावटीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आहे. बनावट साधी. पत्रा सपाट, नटबोल्ट समोर दिसणारे, खाली पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. म्हणूनच ही गाडी अंगणात खोलता येते. आजच्या गाड्या संगणक लावल्याशिवाय आपले दुखणे सांगत नाहीत.

साहित्यासाठी आम्ही नागपूर नव्याने पाहिले. ऑफिस सुटल्यावर घाट रोडवरची स्पेअर पार्टची दुकाने, रविवारी वाडीतल्या ट्रकच्या गॅरेजांची रांग, अशी पायपीट सुरू झाली. हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. त्या भागात आयुष्य काढलेले फिटर आजही नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखतात. आमच्या गल्लीत एक काका आहेत, ते एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल २००२ साली कायमची बंद पडली. काकांचे हात तेव्हापासून रिकामेच होते. जीप खोलली आहे हे कळताच ते दुसऱ्या दिवशी आपली पान्यांची पेटी घेऊन हजर झाले. "जयभीम भाऊ, जाम झालेले नट ठोकू नका, रात्रभर तेल पिऊ द्या," हे त्यांचे पहिले वाक्य.

पण खरे हात लाभले ते मामाजींच्या नातीचे. पोरगी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकलेली. तिला कोणी गॅरेजमध्ये उभे करीत नव्हते. "पोरीचं काम नाही," हे तिने तीन ठिकाणी ऐकले होते. मामाजी खुर्ची टाकून बसायचे, तोंडाने सांगायचे आणि ती गाडीखाली शिरायची. आम्ही बाजूला वही घेऊन लिहीत असू.

आमच्या चिरंजीवांचा बेत निराळा होता. मोबाइलवर पाहून त्यांनी यादी केली होती. रुंद टायर, गाडी सहा इंच उंच, डोळे दिपविणारे दिवे, दुसरे ताकदवान इंजिन. मामाजींनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाले, "बाप्पा, पयले थांबता आलं पाहिजे, मंग पळजो." कायद्याचेही तेच म्हणणे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरविलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे. हौसेपायी बदल करायचा आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या दारात बसायचे, ही चैन आपल्याला परवडणारी नाही.

म्हणून सुरुवात ब्रेकपासून झाली. ड्रम उघडले की आत काळी भुकटी असते. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसाला घातक. म्हणून ती भुकटी फुंकायची नाही, हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तसेच शिरायचे नाही, भक्कम घोड्या लावायच्या. ही दोन वाक्ये मामाजींनी आम्हाला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावली.

आणि तरीही चूक झाली. ती आमचीच. मामाजी दवाखान्यात गेले होते तेव्हा आम्ही उत्साहाने व्हील सिलिंडरची नवी रबरे डिझेलने धुऊन ठेवली. पोरीने विश्वासाने ती बसविली. पहिल्याच चाचणीत कामठी रोडवर मैलभर जाताच गाडी जड झाली, पुढच्या चाकातून धूर निघाला आणि ब्रेक आवळला तो सुटेना. ब्रेकचे रबर ब्रेक ऑइलसाठी बनलेले असते. डिझेल, रॉकेल, ग्रीस लागले की ते फुगते आणि अडकते. भर रस्त्यात लोकांनी ढकलून गाडी बाजूला घेतली. कोणी म्हणाले, "पोरीच्या हाती दिली, असंच होईन." पोरगी मान खाली घालून उभी. आम्ही तेथेच सांगितले की चूक आमची आहे, तिची नाही. घरी आल्यावर मामाजींनी आम्हाला चार शब्द सुनावले. ते योग्यच होते. सगळी रबरे फेकून नवी आणली, पाइप धुतले, पुन्हा ब्रेक ऑइल भरले आणि हवा काढली. यावेळी सगळे पोरीने केले. आम्ही फक्त पेडल दाबले.

पुढे किंगपिन निघाली. वेग घेतला की स्टिअरिंग थरथरते, तेव्हा चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखडले तर किंगपिनची किंवा चाकाची बेअरिंग झिजली समजावे. पाट्यांचे बुश आणि शॅकल बदलले तशी ती कललेली चालही सरळ झाली. जमिनीचा पत्रा गंजाने चाळणीसारखा झाला होता, तो कापून नवा जोडला. सुधारणा म्हणाल तर मोजक्याच केल्या. पुढच्या दोन्ही जागांना मागून जाड पट्टी देऊन सीटबेल्ट बसविले. सगळी वायरिंग नवी करून प्रत्येक लाइनला फ्यूज दिला. दिव्यांना रिले लावला, त्यामुळे सगळा करंट स्विचमधून न जाता बॅटरीपासून थेट दिव्याला पोचतो आणि साधाच बल्ब उजळ लागतो. मागे म्हाताऱ्या बायांना चढायला एक पायरी आणि धरायला दांडा केला.

आता हिशेब. ब्रेक ११,४००. किंगपिन, बुश, शॅकल ९,८००. इंजिन, नोझल, हीटर प्लग १८,६००. पाच टायर ३१,०००. वायरिंग, बॅटरी, दिवे १४,२००. पत्रा आणि रंग २६,५००. टप आणि गाद्या १२,०००. कागदपत्रे आणि विमा १३,५००. एकूण १,३७,००० रुपये. वस्तीतल्या ४१ घरांनी न मागता ४६,५०० जमविले, उरलेले मामाजींच्या पेन्शनमधून आणि आमच्या पगारातून गेले. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली. आम्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये तेवढी भरली. पुढच्या खेपेला १०,००० लागतील, कारण २०२५ साली वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ती पुन्हा वाढली. कारकून म्हणून विचाराल तर हा तोट्याचा धंदा आहे. वहीत आम्ही तसेच लिहिले आहे. पण आमच्या वहीत पोरीच्या हाताला आलेल्या कामाचा रकाना नव्हता.

डिसेंबर २०२४ च्या एका रविवारी आम्ही पवनीला निघालो. सुमारे ८० किलोमीटरची वाट. पोरगी चालवीत होती, शेजारी मामाजी, मागे मामी, मिलवाले काका, आम्ही आणि चिरंजीव. उमरेडला कोळशाचे ट्रक, भिवापूरकडे मिरचीचे सातरे आणि देठ खुडत बसलेल्या बाया. आम्ही पन्नासच्या वर गेलो नाही. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष निघाले. त्या विटांपाशी मामाजी बराच वेळ उभे राहिले.

परतताना वैनगंगेच्या काठी उतरलो आणि वर चढताना मागची चाके रेतीत फिरू लागली. पोरगी गोंधळली. मामाजी सीटवर वळले, चार चाकांच्या आखूड दांड्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "क्लच दाब. आता सोड, हळू." जीप गुरगुरली आणि सरळ वर आली. मामींनी पदर तोंडाला लावला. मामाजी समोर पाहत होते. "गेअर लवकर टाकतेस तू," एवढेच ते पोरीला म्हणाले.

पोरीला आता त्याच कामठी रोडवर एका गॅरेजात काम मिळाले आहे. ज्यांच्यासमोर ती मान खाली घालून उभी होती, त्यांतल्याच एकाने आपली गाडी तिच्याकडे आणली. जीप अंगणात उभी असते, किल्ली दाराच्या खिळ्याला असते आणि रात्री कोणाला गरज पडली तर दार वाजविले जाते.

वाचकहो, सगळ्यांच्या अंगणात जीप नसते. पण घरोघरी एखादा निवृत्त ड्रायव्हर, मिलचा फिटर, रेल्वेचा खलाशी बसलेला असतो. त्याच्या हाताने जे कमावले ते कोणत्याही पुस्तकात नाही. रविवारी तासभर वही घेऊन त्याच्यापाशी बसावे, आणि शेजारी घरातल्या मुलीलाही बसवावे. आमची वही आज १६० पानांची झाली आहे. पहिल्या पानावर अजून तीच दोन वाक्ये आहेत आणि त्यांच्याखाली तिसरे, आमच्याच हाताने लिहिलेले: ब्रेकच्या रबराला डिझेल लावू नये.