नर्मदेकाठचे तीन पाषाण

जबलपूरला उतरणारा प्रवासी बहुधा थेट भेडाघाट गाठतो, नावेतून संगमरवरी कडे पाहतो, धुवाँधार धबधब्याचे तुषार अंगावर घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. त्यात गैर काही नाही. परंतु ज्याला दिवसभराची सवड असेल, त्याने भेडाघाट अखेरीस ठेवावा. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित असे खडकांचे जे तीन वर्ग मुले शाळेत पाठ करतात, ते तिन्ही या शहराच्या वीस-पंचवीस किलोमीटरांच्या परिसरात उघड्यावर उभे आहेत.

आरंभ मदनमहालच्या टेकडीपासून करावा. गोंड राजांचा लहानसा महाल येथे एका प्रचंड शिळेवर बसविलेला आहे आणि सभोवार हत्तीएवढे गोल धोंडे विखुरलेले आहेत. हा ग्रॅनाइट, म्हणजे अग्निजन्य खडक. दीडशे कोटी वर्षांहूनही पूर्वी जमिनीच्या पोटात शिलारस साचला आणि वरच्या थरांच्या पांघरुणाखाली तो इतक्या सावकाश निवाला की, गारगोटी, फेल्डस्पार व अभ्रक यांच्या स्फटिकांना वाढण्यास अवधी मिळाला. ते दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पुढे पांघरूण झिजून गेले, उघड्या पडलेल्या खडकाच्या भेगांत पाणी शिरले आणि कोपरे झिजून धोंडे गोलावले. त्यांपैकी एक दुसऱ्या शिळेवर अगदी थोड्या जागेत टेकून उभा आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात जबलपूरची मोठी हानी झाली, पण तो धोंडा जागचा हलला नाही. भूकंपाला जे जमले नाही ते मात्र सुरुंगाला सहज जमते. शहराच्या आसपास अशा कित्येक टेकड्या खडीसाठी फुटल्या. रस्त्यांना खडी हवीच. पण ती कोठून घ्यावी याचा विचार सुरुंग लावण्यापूर्वी व्हावयास हवा.

येथून नर्मदेवरील लमेटाघाटाकडे वळावे. या घाटाच्या नावावरूनच ‘लमेटा’ हे नाव वालुकाश्म, चुनखडक आणि माती यांच्या थरांना भूशास्त्रात मिळाले. नद्यांनी व तळ्यांनी आणलेला गाळ थरावर थर साचून दाबला गेला आणि त्याचाच खडक बनला. हा स्तरित खडक. गाळात जे पडते ते कधी कधी टिकून राहते. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेल्या स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूर येथे याच थरांत अश्मीभूत हाडे सापडली. ती एका महाकाय सरपटणाऱ्या प्राण्याची होती. लिडेकर यांनी १८७७ मध्ये त्याला ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले.

जबलपूरच्या काही टेकड्यांवर या थरांच्या माथ्यावर काळ्या खडकाची टोपी दिसते. महाराष्ट्रातील वाचकाला तिची ओळख करून देण्याचे कारण नाही. अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली, घरचा पाटा-वरवंटा ज्याचा घडविला, तोच हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर वाहत आलेला लाव्हा येथवर पोचला होता. ग्रॅनाइटप्रमाणे हाही अग्निजन्यच. परंतु उघड्यावर झपाट्याने निवाल्यामुळे त्याचे दाणे डोळ्यांना सहसा दिसत नाहीत.

आता भेडाघाट. दोन्ही बाजूंस सुमारे तीस मीटर उंचीचे शुभ्र कडे आणि मधून अरुंद पात्रातून जाणारी गंभीर नर्मदा. चांदण्यातील भेडाघाटाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. पण खडक पाहावयाचे तर सकाळचे ऊन बरे. हे कडे मदनमहालच्या ग्रॅनाइटहूनही जुने आहेत, आणि ते आरंभी संगमरवर नव्हतेच. प्राचीन समुद्राच्या तळाशी चुन्याचा व मॅग्नेशियमचा गाळ साचला, त्याचा स्तरित खडक झाला. मग भूकवचाच्या हालचालींत तो खोल दाबला गेला. तेथील उष्णतेने व दाबाने तो वितळला नाही, घनरूपातच त्याचे स्फटिक नव्याने घडले. यालाच रूपांतरित खडक म्हणतात. तेव्हा खडकाचा वर्ग म्हणजे त्याची जन्मजात नव्हे, त्याची आजची अवस्था होय. हाच संगमरवर धुवाँधारच्या पाण्याने झिजतो आहे. त्याचा काही अंश नर्मदेबरोबर समुद्राकडे जातो आणि पुन्हा गाळ होतो.

घाटावरील दुकानांत देवांच्या मूर्ती आणि डब्या ‘संगमरवराच्या’ म्हणून मिळतात. नखाने ओरखडा उठला तर तो संगमरवर नव्हे, शंखजिरे समजावे. मॅग्नेशियमयुक्त चुनखडकात सिलिकायुक्त उष्ण पाणी शिरले की ते तयार होऊ शकते. मऊ असल्याने कारागिराच्या हाताला ते मानवते. किंमत ठरविताना इतके ध्यानात असू द्यावे.

पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो. इतर वेळी पांढऱ्या कड्यातून काळसर-हिरव्या खडकाचा पट्टा आडवा गेलेला दिसेल, तेथे नावाड्याला वल्ही थांबवावयास सांगावे. संगमरवराला पडलेल्या भेगेत खालून शिलारस घुसला आणि तेथेच गोठला, तो हा पट्टा. नाव अगदी कड्यालगत घेतली तर त्या दोन खडकांच्या सांध्यावर हात ठेवता येतो.