मिश्रीचा खांब

आमच्या बैठकीतला सोफा हप्त्यांवर घेतलेला. सात हप्ते बाकी असतानाच त्याच्या डाव्या हाताचा कापूस बाहेर आला. करणारी एकच, आमची मिश्री.

मिश्री आम्हाला भर पावसात जिन्याखाली सापडली होती. तिच्या आधीचे मांजर रस्त्यावर रिक्षाखाली गेले, तेव्हा मुलांनी दोन दिवस नीट जेवण केले नव्हते. म्हणून हिला घराबाहेर सोडायचेच नाही, असे आम्ही ठरवले. सोलापुरातला तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, खिडक्यांना जाळ्या, दार कायम लावलेले. आपण तिच्यावर उपकारच केले, असे आम्हाला वाटत होते.

सोफ्यानंतर पडदा गेला, मग दाराची चौकट. आम्ही ओरडलो, चप्पल आपटली. धाकट्या लेकीने पाण्याची फवारणीची बाटली हाती घेतली. झाले एवढेच की मिश्री आमच्यासमोर ओरबाडायची थांबली आणि सगळे झोपल्यावर ओरबाडू लागली. आम्ही दिसलो की कपाटावर चढून बसे. अम्मींच्या मांडीवर तेवढी जाई. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मीही तिच्याशीच जास्त बोलत.

एके दिवशी तिची नखे अब्बांच्या मुसल्ल्यावर चालली. हजहून आणलेला तो मखमली मुसल्ला, अम्मी त्यावरच नमाज पढत. चार ठिकाणी धागे ओढले गेलेले पाहून आमचा संताप अनावर झाला. आम्ही पिशवी काढली. बाजाराजवळ मटणाची दुकाने आहेत, तिथे सोडून येऊ, उपाशी तर मरणार नाही, असा विचार.

अम्मींनी मुसल्ल्याची घडी घातली आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या बाईची गोष्ट विसरलात का?"

ती गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. एका बाईने मांजर कोंडून ठेवले. स्वतः खायला घातले नाही आणि बाहेर जाऊन पोट भरायलाही सोडले नाही. मांजर मेले आणि त्यापायी ती बाई शिक्षेला पात्र ठरली, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले आहे.

"पण अम्मी, आम्ही तर तिला दोन्ही वेळा खायला घालतो."

"खायला घालता. पण कोंडले तुम्हीच ना? बाहेर असती तर झाडाला नखे लावली असती. तिचे झाड कुठे आहे या घरात?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पिशवी परत खुंटीला गेली.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ओरबाडणे हा खोडसाळपणा नव्हे. त्यामुळे नखांवरचे जुने कवच गळून पडते, झोपेतून उठल्यावर पाठ आणि खांदे ताणले जातात. पंजांत गंधाच्या ग्रंथी असतात, त्यांनी मांजर आपल्या जागेवर खूण करते. अमेरिकेतल्या एका नातेवाइकांनी शस्त्रक्रियेने नखे कायमची काढायचे सुचवले होते. तेही आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, त्यात नुसते नख जात नाही, बोटाचे शेवटचे हाडच कापतात. न्यूयॉर्क राज्याने तर २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. तो विषय तिथेच संपला.

आम्ही खांब करायला घेतला. पहिला फसला. तो जेमतेम दीड फुटाचा, वर डुगडुगणारा, आणि आम्ही तो नजरेआड मागच्या गॅलरीत ठेवला. मिश्रीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग सुताराकडून तीन फूट उंच, चार इंची चौकोनी खांब आणला. तो हलू नये म्हणून खाली रुंद, जड फळी ठोकून घेतली. त्यावर आठ मिलिमीटर जाडीचा तागाचा दोर डिंकाने चिकटवत घट्ट गुंडाळला. जवळजवळ ४५ मीटर दोर लागला. खिळा एकही मारला नाही, पंजाला लागू नये म्हणून. हा खांब मात्र सोफ्याच्या फाटक्या हाताला खेटून उभा केला, कारण तिची सवय तिथलीच होती. सोफ्याच्या हातावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. मांजराला पंजा चिकटलेला आवडत नाही. मुसल्ल्यासारखे जमिनीवरचे काही ओरबाडायची तिला हौस, म्हणून उरलेला दोर एका फळीवर गुंडाळून तीही आडवी ठेवली. आणि नमाजनंतर मुसल्ला कपाटात ठेवायचा, हा नियम आम्ही स्वतःसाठी केला.

नखे कापायचे काम अम्मींनी घेतले. जेवून ती सुस्तावली की एका वेळी एकच पंजा, हलकेच दाबून, फक्त टोकाचा पांढरा भाग. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतो, तिथे कात्री लागता कामा नये. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. आमच्यापैकी कोणी पंजा धरला की मिश्री अजून हात सोडवून पळते. फवारणीची बाटली ती विसरलेली नाही.

तिने खांब पहिल्यांदा ओरबाडला तेव्हा लेकीने तिथल्या तिथे तिला सुक्या मासळीचा तुकडा दिला. महिनाभरात सोफा सुटला. पडद्याला अधूनमधून हात लागतो, तो आम्ही आता वर बांधून ठेवतो.

सोफ्याचा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला. हात फाटकाच आहे, त्यावर सोलापुरी चादर असते. मुसल्ल्याचे धागे अम्मींनी सुईने आत ओढून घेतले, तरी जवळून पाहिले की दिसतात. फजरला अम्मी वजूसाठी उठतात, तेव्हा मिश्रीही उठते, खांबापाशी जाऊन अंग ताणते आणि बैठकीतून खर्र खर्र आवाज येतो. पूर्वी त्या आवाजाने आम्ही चप्पल शोधायचो. आता अम्मी उठल्या हे त्यावरून कळते आणि आम्हीही उठतो.