कोटेशनच्या खालच्या ओळी

सांगली

चि. सोनूस,


तू पाठवलेला कोटेशनचा फोटो मोठा करून नीट वाचला. "मावशी, हप्ता झेपेल ना, एवढंच सांग," असं तू विचारलंस. हप्ता झेपेल. पण बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर माझी इतकी वर्षं गेली आहेत की कोटेशन समोर आलं की नजर आधी खालच्या ओळींकडे जाते. तिथलं मला पटलेलं नाही. फोनवर सांगितलं तर तू "हो, हो" म्हणून विषय बदलशील, म्हणून लिहिते आहे.

वरची ओळ ठीक आहे. एक्स-शोरूम 9,20,000. जीएसटी त्यातच आला आणि डीलरचा नफाही त्यातच आला. यातली दुसरी गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

त्याखाली "आरटीओ 1,16,000" असा एकच आकडा टाकलाय. तो फोडून माग. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या, व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के कर, म्हणजे 1,01,200. नोंदणीची फी 600, स्मार्ट कार्डाचे 200, कर्जाचा बोजा चढवायचे 1,500. थोडा रस्ता सुरक्षा उपकर आणि टपालखर्च धर. इतकं सगळं धरूनही दहा-एक हजारांचा हिशेब लागत नाही. सरकारात भरलेल्या प्रत्येक रुपयाची ऑनलाइन पावती निघते, आणि अर्जही आता डीलरच त्याच्या संगणकावरून "वाहन" पोर्टलवर चढवतो. तेव्हा पावतीवर जेवढं तेवढंच देईन, असं सांगायला काहीच हरकत नाही.

आता "हँडलिंग अँड लॉजिस्टिक्स, 12,000". ही ओळ मी शेकडो कोटेशनांवर पाहिली असेल, आणि प्रत्येक वेळी मला राग येतो. विचारलंस तर सांगतील की गाडी यार्डातून आणली, धुतली, तपासली, पेट्रोल घातलं. अरे, ग्राहकाच्या हातात गाडी देण्याआधी ती तपासणं हेच तर डीलरचं काम, आणि त्याचा मोबदला वरच्या किमतीत आहेच. हा पैसा सरकारकडे जात नाही, विमा कंपनीकडे जात नाही, कुठल्या कायद्यातही बसत नाही. वेगवेगळ्या राज्यांच्या परिवहन खात्यांनी डीलरांना हे घेऊ नका म्हणून बजावलेलं आहे. तरी ती ओळ छापली जाते, कारण कर आणि फीच्या रांगेत बसवली की तीही सरकारीच वाटते.

आणि तू तर कर्ज काढून गाडी घेतोयस. आम्ही ऑन-रोड किमतीवर कर्ज देतो, तेव्हा हे 12,000 सुद्धा कर्जात जातात. 9 टक्क्यांनी सात वर्षांत फेडलेस तर त्याचे 16,200 च्या वर होतात. गेल्या वर्षी तासगावकडचं एक द्राक्षबागायतदार जोडपं माझ्यासमोर बसलं होतं. घरातली पहिलीच गाडी. मी ती ओळ दाखवली तर काका म्हणाले, "राहू द्या मॅडम, मुहूर्ताला कटकट नको." औषधाच्या दुकानात दहा रुपयांसाठी बिल तपासणारी ही माणसं, हे मला ठाऊक होतं. मुहूर्त, पेढे, लाल कापडाखाली झाकलेली गाडी, हौसेने आलेलं सगळं घर, यांच्यासमोर कुणाला वाद नको असतो, आणि त्याच संकोचावर हा पैसा गोळा होतो. मला त्याचंच वाईट वाटतं.

विम्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण खरी मोठी रक्कम तिथे आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. त्याचा दर ठरलेला असतो, कंपनी कुठलीही असो. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात तुझ्या 1,197 सीसीच्या गाडीला तो 10,640 आहे, वर जीएसटी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र कंपनीगणिक बदलतो, आणि तो एका वर्षाचा घेतला तरी चालतो. तुझ्या कोटेशनवरच्या 52,000 मधला मोठा हिस्सा हाच आहे. त्याच आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर), झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) धरून, आणखी दोन कंपन्यांचे आकडे घरी बसून काढ. फरक तुला दिसेलच.

"बाहेरून विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही," असं ते म्हणतील. कॅशलेस हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं. पॉलिसी कुणाकडून घेतली यावर नसतं. ज्या कंपनीचा विमा घेशील तिच्या यादीत ते वर्कशॉप आहे का, एवढंच बघ. आणि डीलरकडूनच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही, हे विमा नियामक प्राधिकरणाने 2017 मध्ये डीलरांसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

ॲक्सेसरीजच्या 18,500 च्या किटबद्दल तू लिहिलंयस की ते घेतल्याशिवाय दसऱ्याला डिलिव्हरी देणार नाहीत. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल ही अट 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधक व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे. मॅट आणि मडफ्लॅप हवे असतील तर तेवढेच घे. नंबरप्लेटचे वेगळे पैसे लावलेत, तेही काढायला सांग. 1 एप्रिल 2019 पासूनच्या गाड्यांना ती कंपनीनेच गाडीबरोबर द्यायची असते. फास्टॅगच्या हजारात तुझ्या खात्यावर किती जमा होणार ते विचार. एक्स्टेंडेड वॉरंटी वाईट नाही, पण ती आजच घ्यायची घाई नाही.

"सूट नाही, कंपनीचा नियम आहे," या वाक्यानेही दबू नकोस. डीलरांना ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देऊ न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने 2021 मध्ये मारुती सुझुकीला 200 कोटींचा दंड केला होता. कंपनी अपिलात गेली, ते वेगळं.

समोरच्या सेल्समनवर मात्र आवाज चढवू नकोस. त्या पोराला महिन्याचं टार्गेट असतं आणि ही ओळ त्याने छापलेली नसते. मॅनेजरला ईमेल कर: आरटीओची रक्कम फोडून द्या, हँडलिंग, नंबरप्लेट आणि किट काढा, विमा मी आणतो. "घेऊ ना काढून" असं तोंडी म्हणाले तर सुधारलेलं कोटेशन मागून घे. नकार दिला तर तोही लेखीच माग. 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार करताना तो लागेल. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. लेखी विचारणारा ग्राहक दिसला की हँडलिंगची ओळ जाते, हे मी माझ्या टेबलावरून पाहिलेलं आहे.

सुधारलेलं कोटेशन येईपर्यंत बुकिंगच्या रकमेपलीकडे एक रुपयाही भरू नकोस, आणि बँकेलाही हे जुनं कोटेशन देऊ नकोस; एकदा त्या रकमेवर कर्ज मंजूर झालं की डीलरला आकडा खाली आणायचं काही कारण उरत नाही. तुझ्या आईला दसराच हवाय, माहीत आहे मला. अजून तीन आठवडे आहेत, तेवढ्यात हे सगळं होतं. विम्याचे आकडे काढलेस की रविवारी फोन कर, मी घरीच आहे.

तुझी,
मावशी