मालवण ते देवबाग : होडीतून

मे महिन्याच्या सुट्टीत मी आईबरोबर आजोळी गेले होते. माझे आजोळ सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यातील देवबाग येथे आहे. आपल्या वर्गातील पुष्कळ जणांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. म्हणून मी होडीतून पाहिलेला किनारा येथे लिहीत आहे.

मामाची होडी मालवण बंदरात होती. ती देवबागला आणायची होती. मामा मला म्हणाला, "चल, सकाळच्या पारी दर्या शांत असता. दुपारी वारो सुटता." दुपारी जमीन तापते, तिच्यावरची गरम हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा जमिनीकडे येते. यालाच खारे वारे म्हणतात. हे मी परीक्षेत पाठ करून लिहिले होते, पण होडीत ते वारे तोंडावर आले तेव्हा खरे कळले.

होडीला मशीन आहे, पण मामाने ते मुद्दाम हळू चालवले. प्रथम उजव्या हाताला सिंधुदुर्ग किल्ला दिसला. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ साली हा किल्ला बांधायला सुरुवात केली. १६६७ साली तो पुरा झाला. चारी बाजूंना खारे पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे! किल्ल्यावर आजही काही कुटुंबे राहतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या बंद होतात, म्हणून ती माणसे आधीच धान्य भरून ठेवतात.

पुढे दांडीच्या किनाऱ्यावर रापण चालली होती. रापण म्हणजे खूप लांब जाळे. होडीतून ते अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून पुष्कळ माणसे मिळून ओढतात. बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. वर पांढरे पक्षी नुसते घिरट्या घालत होते.

मग तारकर्लीची पांढरी वाळू आणि सुरूची झाडे लागली. तेथून पुढे सगळे माडच माड. मध्येच एखादे कौलारू घर डोकावायचे. मी पाण्यात हात घालून बसले होते. पाणी सकाळी थोडे गार लागते.

देवबाग संपते तेथे कर्ली नदी समुद्राला मिळते. पलीकडे भोगवे गाव आहे. संगमावर वाळू साचते, म्हणून भरती असली म्हणजे होडी आत नेणे सोपे जाते. आम्ही पोचलो तेव्हा भरतीच होती. तेथे मामाने मशीन बंद केले आणि मागे वळून पाहायला सांगितले. तो म्हणाला, "ह्यो बघ आपलो गाव. एका बाजूक दर्या, दुसऱ्या बाजूक नदी. आणि मधी आमी."

मी पाहतच राहिले. गावात चालताना माडांमुळे दोन्ही पाणी एकदम दिसत नाही. होडीतून मात्र आजीचे गाव एखाद्या पट्टीसारखे अरुंद दिसले. दरवर्षी पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची माती नेतात. काही ठिकाणी मोठे दगड टाकून बंधारा घातला आहे, पण लाटा त्याच्यावरूनही येतात.

घरी आल्यावर मी आजीला विचारले, "आजी, तुला भीती नाही का गं वाटत?" आजी म्हणाली, "भिऊन खंय जातलय? दर्याच आमका जेवक घालता." तिचे लग्न झाले तेव्हा घरासमोर समुद्राच्या बाजूला माडांच्या दोन रांगा होत्या. आता एकच उरली आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्या रांगेतले माड मोजले. अकरा आहेत. आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे. पुढच्या मे महिन्यात गेले की पुन्हा मोजणार आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी